सकाळचं पहिलं पाऊल आणि टाचेतली कळ : 'हाड वाढलंय' म्हणजे नक्की काय?

डबा_त्रिमूर्तीनगर | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. वय ४६, नागपुरात त्रिमूर्तीनगरला घरूनच डबे करते. रोजचे ३८ डबे. पहाटे साडेचारला उठते आणि साडेदहापर्यंत ओट्यापाशी उभी असते. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी होत्या, तेव्हा सलग आठ-नऊ तास उभी राहिले. तेव्हापासून हे सुरू झालंय.

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की उजव्या टाचेत, तळाशी जरा आतल्या बाजूला, अशी कळ जाते की भिंत धरावी लागते. बाथरूमपर्यंत चवड्यावर चालत जाते. दहा-पंधरा पावलांनी सैल पडतं. मग कणीक तिंबायला घेतली की विसरायलाही होतं. पण पोळ्या आटोपून पाच मिनिटं खाली बसले आणि उठले की पुन्हा तेच.

एक्स-रे काढला. टाचेच्या हाडाला खालून पोपटाच्या चोचीसारखं टोक दिसतं. 'हाड वाढलंय' असं सांगितलं आणि गोळ्या दिल्या. तेव्हापासून घरात रोज नवा सल्ला आहे. नणंद म्हणते ऑपरेशन करून ते घासून काढतात. शेजारच्या काकू म्हणतात युरिक अ‍ॅसिड असेल, डाळ बंद कर. डब्याचं काम आहे माझं, वरण चाखल्याशिवाय डबा कसा भरू?

माझा प्रश्न एकच. ते टोक टोचतं म्हणून दुखत असेल, तर चालल्यावर दुखणं वाढायला पाहिजे. चालल्यावर कमी कसं होतं?

---

मनीषनगरची_मी | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४१

+१. अगदी हेच, फक्त डावी टाच. वाचतेय.

---

लालपरीवाला | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

ताई, मी एसटीत कंडक्टर हाय. गणेशपेठ ते अमरावती, अन् तीच गाडी वापस. चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं द्यायची म्हणजे सारा भार टाचेवर. मले दोन वर्षांपहिले हेच झालं होतं. सकाळी बुढ्या माणसावानी लंगडत जायचो, अन् स्टँडवर पोहोचेपर्यंत ठीक. एका दोस्तानं बाजारातून त्या काटेवाल्या अ‍ॅक्युप्रेशरच्या चपला आणून देल्या. आठ दिवस घातल्या अन् दुखणं दुप्पट झालं. तुम्ही त्या भानगडीत नका पडू.

कमी कायनं झालं ते उद्या लिहितो. पहाटे पाचची गाडी हाय.

---

वर्धेची_सून | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१२

आमच्याकडे आजेसासूबाईंचा उपाय आहे. वीट चुलीत तापवायची, तिच्यावर रुईची पानं टाकायची आणि वरून टाच टेकवून शेक घ्यायचा. पानं चर्र वाजतात, वाफ निघते आणि टाच एकदम हलकी होते. मी बाळंतपणानंतर केलं होतं, बरं वाटलं होतं. करून पाहा ताई.

---

सक्करदरा_४४ | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

वर्धेची_सून, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंद आहे, पण या उपायासोबत एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या आईला १८ वर्षांपासून मधुमेह आहे. तिनेही विटेवर रुईची पानं टाकून शेक घेतला. तिला वाटलं वीट कोमट आहे. मी मागून आले तेव्हा पान काळं पडलं होतं आणि पाय अजून विटेवरच होता. तिला चटका कळलाच नाही. टाचेला रुपयाच्या नाण्याएवढा फोड आला, त्याची जखम झाली आणि दीड महिना ड्रेसिंग चाललं. टाच राहिली बाजूला, पाय वाचवायची वेळ आली होती.

ज्यांना साखर आहे, तळपायाला बधिरपणा किंवा मुंग्या आहेत, त्यांनी वीट, गरम पाण्याची पिशवी, बर्फ यातलं काहीही स्वतःच्या मनाने लावू नये. हात जोडून सांगते.

---

वर्धेची_सून | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:५५

हे माहीत नव्हतं. माझ्या सासऱ्यांनाही साखर आहे आणि मी त्यांनाही हेच सांगणार होते. धन्यवाद ताई.

---

पाऊलवाट_फिजिओ | १५ नोव्हेंबर, दुपारी २:१०

धागाकर्त्या ताईंनी प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे लिहिलेलं वाचून तपासणी टाळू नका, पण समजून मात्र घ्या.

टाचेच्या हाडाच्या खालून, आतल्या बाजूने, एक जाड पांढरा पट्टा निघतो आणि पंख्यासारखा पसरत पाचही बोटांच्या मुळाशी पोहोचतो. हा प्लांटर फॅशिया. तळपायाची कमान धनुष्य धरली तर हा तिची दोरी. आत्ता बसल्या जागी करून पाहा. उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या, एका हाताने अंगठा वर, नडगीकडे ओढा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तळव्याची आतली कड चाचपा. बोटाखाली ताणलेल्या सुतळीसारखं लागेल. तोच हा पट्टा.

आपण पाऊल उचलतो तेव्हा टाच आधी उठते आणि बोटं वाकतात. विहिरीच्या रहाटाला दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती ओढला जातो, कमान वर उचलली जाते आणि पाऊल पुढे ढकलण्याइतकं कडक होतं. हिक्स यांनी १९५४ मध्ये पायाच्या या रचनेचं वर्णन केलं आणि तिला रहाटाचंच नाव दिलं. म्हणजे दिवसभरात जितकी पावलं, तितके हिसके त्या पट्ट्याच्या टाचेकडच्या टोकाला.

आता तुमचा प्रश्न. झोपेत पावलं खाली झुकलेली असतात. पट्टाही आखडलेला आणि पोटरीही आखडलेली. सकाळी त्या आखडलेल्या पट्ट्यावर अख्ख्या शरीराचं वजन एकदम येतं. कळ ती. दहा-पंधरा पावलांत पट्टा सैलावतो आणि दुखणं उतरतं. पोळ्यांनंतर पाच मिनिटं बसलात की हेच लहान प्रमाणात पुन्हा घडतं. नुसतं टोक टोचत असतं तर प्रत्येक पावलाला सारखंच टोचलं असतं. तुमची शंका रास्त होती.

मग ते टोक? टाचेला असं टोक असूनही आयुष्यभर काहीही न दुखणारे लोक भरपूर आहेत. दुसऱ्या कारणासाठी एक्स-रे काढला की अचानक दिसतं. उलट टाच जोरात दुखते आणि एक्स-रे स्वच्छ, असेही खूप येतात. शिवाय ते टोक पुष्कळदा या पट्ट्यात नसतंच, त्याच्या वरच्या थरातल्या लहान स्नायूच्या मुळाशी असतं. म्हणून ते घासून काढायची घाई नको.

आणखी एक. या दुखण्याचं नाव प्लांटर फॅशियायटिस. त्यातलं 'आयटिस' म्हणजे दाह. पण २००३ मध्ये लेमाँट आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनमध्ये काढलेले ५० नमुने पाहिले, तर त्यांत दाहापेक्षा झिजलेले, विस्कटलेले तंतूच दिसले. घासून घासून पिंजलेल्या नाड्यासारखे. म्हणून दुखणं थांबवायची गोळी चार तास उसंत देते, पण नाडा तसाच राहतो. त्याला विश्रांती आणि हळूहळू वाढवलेलं काम, दोन्ही लागतं.

काय करायचं ते संध्याकाळी लिहिते, पेशंट आलेत.

---

इतवारी_गादीवाला | १५ नोव्हेंबर, दुपारी ३:३५

फार छान समजावलंत. पण युरिक अ‍ॅसिडचं काय? माझं इतवारीत कापडाचं दुकान. दिवसभर गादीवर मांडी घालून बसतो, गिऱ्हाईक आलं की उठतो. उठताना टाच दुखते. रक्तात युरिक अ‍ॅसिड थोडं वाढलेलं निघालं आणि घरच्यांनी डाळ बंद केली. शनिवारचे तर्री पोहेसुद्धा बंद, कारण तर्रीत चणे. दोन महिने झाले, टाच आहे तशीच आहे.

---

पाऊलवाट_फिजिओ | १५ नोव्हेंबर, सायंकाळी ७:५०

काका, युरिक अ‍ॅसिडचा झटका बहुतेक वेळा अंगठ्याच्या मुळाशी येतो. सांधा लाल, गरम, सुजलेला, चादर लागली तरी सहन होत नाही. उठताना दुखणं आणि चार पावलांनी थांबणं, हे त्याचं वागणं नव्हे. रक्तातला आकडा तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, पण टाचेपायी तर्री सोडायचं कारण मला दिसत नाही. मांडी घालून तासन्‌तास बसल्यावर पाय त्याच आखडलेल्या स्थितीत राहतात. उठण्याआधी बसल्या बसल्या बोटं वर ओढून घ्या.

आता उपाय. सकाळी पाय जमिनीला लावायच्या आधी, पलंगावरच : दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर, पाचही बोटं नडगीकडे ओढायची, दहा अंक मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, आणि बराच वेळ बसून उठण्यापूर्वी एकदा. दुसरं, भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण. मागचा पाय सरळ, टाच जमिनीला घट्ट. पोटरी आखडलेली असेल तर घोटा पुरता वाकत नाही आणि तो भार तळव्यावर येतो. तिसरं, अनवाणी उभं राहणं बंद. कोटा दगडाची फरशी असो की टाइल्स, कडक फरशीवर पाच-सहा तास अनवाणी म्हणजे रोज तीच जागा उसवायची.

दहापैकी आठ-नऊ जण ऑपरेशनशिवाय बरे होतात. पण त्याला महिने लागतात, कधी वर्षही. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका.

---

इतवारी_गादीवाला | १५ नोव्हेंबर, रात्री ८:०२

शनिवारी तर्री. तुमचं भलं होवो.

---

लालपरीवाला | १५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मॅडमनं जे लिहिलं तेच मी केलं होतं, फक्त मले त्याचं नाव माहीत नव्हतं. पाण्याची बाटली फ्रीजरात गोठवून तिच्यावर पाय फिरवायचो. बोटं ओढायचो. अन् बुटात टाचेखाली सिलिकॉनचा हील कप, म्हंजे वाटीसारखी मऊ गादी, टाकला. चार महिने लागले. आमच्यातले अर्धे लोक दुखणं घेऊनच रिटायर होऊन राहिले, कोणी सांगतच नाही त्यांना.

---

अंबाझरी_पहाट | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

मी धावतो, त्यामुळे थोडं वेगळं सांगतो. मला 'सहा आठवडे पूर्ण आराम' सांगितला होता. केला. पहिल्याच दिवशी सेमिनरी हिल्सचा चढ धावलो आणि दुखणं जसंच्या तसं परत. आरामाने पट्टा मजबूत होत नाही. माझी चूक त्याआधीच झाली होती : दोन आठवड्यांत ५ किलोमीटरवरून थेट १२ वर गेलो, तेही तळ गुळगुळीत झालेल्या बुटांवर.

मला फरक पडला तो ताकदीच्या व्यायामाने. पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे बोटं वर वाकलेली राहतात. मग एका पायावर टाच हळू उचलायची, तीन अंक. वर थांबायचं, दोन अंक. हळू खाली, तीन अंक. एक दिवसाआड. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हा व्यायाम नुसत्या ताणाशी ताडून पाहिला, तीन महिन्यांनी ताकदवाल्यांचं दुखणं जास्त कमी होतं.

---

पाऊलवाट_फिजिओ | १६ नोव्हेंबर, दुपारी १:००

अंबाझरी_पहाट, बरोबर. फक्त ताईंनी सुरुवात दोन्ही पायांवर करावी, ओट्याला धरून. एका पायावर नंतर.

---

धरमपेठ_कट्टा | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३०

इतकं सगळं कशाला? मी टाचेत इंजेक्शन घेतलं, तिसऱ्या दिवशी चालायला लागलो. लोकांना महिनोन्‌महिने बोटं ओढायला सांगण्यापेक्षा हे बरं.

---

मेडिकल_चौक_८८ | १६ नोव्हेंबर, रात्री ११:१०

मीपण घेतलं होतं. सात आठवडे स्वर्ग, मग पुन्हा तेच. दुसरं घेतलं, ते चार आठवडे पुरलं. तिसरं घ्यायला गेले तेव्हा डॉक्टरांनीच नाही म्हटलं आणि मला ते आज पटतं. या इंजेक्शनात स्टेरॉइड असतं, त्याने तो पट्टा तुटण्याचा धोका असतो आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होते. गादी गेली की फरशीवर हाडच टेकतं. घाईच्या वेळी एखादं, डॉक्टरांनी सुचवलं तर, ठीक. पण तेवढ्यावर भागत नाही, धरमपेठ_कट्टा भाऊ. तुमचे तीन महिने होऊ द्या, मग लिहा. मनापासून म्हणते, तुम्हाला बरं राहो.

---

महाल_वैद्य | १७ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

आयुर्वेदात याच्याशी जुळणारी व्याधी आहे, वातकंटक. सुश्रुतांनी विषम पाऊल टाकल्याने वात कुपित होऊन होणारी वेदना म्हणून तिचा उल्लेख केला आहे, वाग्भटांनी त्यात श्रमाचंही कारण सांगितलं आहे. 'कंटक' म्हणजे काटा. रोगी आजही 'काटा रुतल्यासारखं' असंच सांगतो. अभ्यंग आणि शेक यांनी आराम पडतो, पण मधुमेहींबद्दल वर लिहिलंय ते मीही रोज सांगतो. आणि कारण टाळल्याशिवाय तेल लावून उपयोग नाही. ओट्यापाशी सहा तास हे कारण.

---

डबा_त्रिमूर्तीनगर | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

सगळ्यांचे आभार. बोटं ओढणं सुरू केलंय. पण अडचण चपलेची आहे. आमच्या स्वयंपाकघरातच देवघर आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यांच्यासमोर मी आजवर स्वयंपाकघरात चप्पल घातली नाही. मला स्वतःलाही ते नको वाटतं. जिथे नैवेद्य शिजतो तिथे चप्पल कशी घालायची?

---

नंदनवनकर | १७ नोव्हेंबर, दुपारी ४:००

तब्येतीपुढे असल्या प्रथा कशाला? सरळ घाला.

---

बडकस_चौक_आजी | १७ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

नंदनवनकर, असं झटकून टाकू नये बाळा. तिला जे नको वाटतं ते तिच्या मनात खोल आहे. वाट काढावी.

बेटा, माझ्या सासूबाई सोवळ्यात स्वयंपाक करायच्या आणि पायात लाकडी खडावा असायच्या. खडावा चालायच्या कारण त्या घराबाहेर जात नसत, चामड्याच्या नव्हत्या आणि धुता यायच्या. मग नवी रबरी चप्पल आण, जी उंबऱ्याबाहेर कधीच जाणार नाही. रोज रात्री धू, ओट्याखाली वेगळ्या पाटावर ठेव. देवापुढे जाताना काढ. सासूबाईंना खडावांची आठवण करून दे, त्यांनी पाहिल्या असतील. मीही ७२ ची आहे, गुडघ्यांपायी हेच केलं. माझ्या देवाने काही म्हटलं नाही.

---

मनीषनगरची_मी | १७ नोव्हेंबर, सायंकाळी ६:५२

आजी, डोळ्यांत पाणी आलं. मीही उद्याच आणते.

---

हॉस्टेल_२३ | १९ नोव्हेंबर, रात्री १२:४०

माझं वय २३. दोन्ही टाचा दुखतात, सात-आठ महिने झाले. सकाळी कंबरही आखडलेली असते, तासभर तरी. व्यायाम केला की बरं वाटतं, झोपून राहिलो की जास्त. मीही बोटं ओढू का?

---

पाऊलवाट_फिजिओ | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

भाऊ, तुम्ही आधी संधिवाततज्ज्ञांना भेटा, याच आठवड्यात. तरुण वय, दोन्ही टाचा आणि सकाळी तासभर आखडलेली कंबर हे एकत्र आलं की मणक्याच्या संधिवाताची तपासणी करावीच लागते. घाबरू नका, औषधं चांगली आहेत, पण उशीर नको.

इतरांनीही लक्षात ठेवा : रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, तळव्यात मुंग्या किंवा आग, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येणं, ही वेगळी दुखणी असू शकतात. ८ ते १४ वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांची टाच मागून दुखत असेल तर ते बहुतेक वेळा हाडाच्या वाढीच्या जागेचं असतं, त्यांनी हे व्यायाम स्वतःच्या मनाने करू नयेत.

---

हॉस्टेल_२३ | ११ डिसेंबर, रात्री ९:१५

तपासण्या झाल्या. तेच निघालं जे तुम्ही म्हणाला होता. औषध सुरू झालं आहे. मॅडम, मी हे दुखणं गादीमुळे आहे समजून तिसरी गादी बदलली होती. धन्यवाद.

---

डबा_त्रिमूर्तीनगर | २२ मार्च, दुपारी ४:४५

धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

पहिला महिना काहीच फरक नव्हता. डिसेंबरच्या थंडीत तर वाढलंच. मी सोडून देणार होते, पण पलंगावरची दहा मोजणी यंत्रासारखी चालू ठेवली. सासूबाईंना खडावांचं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, 'आमच्या आजीच्या होत्या, खुंटीच्या. चालली की खट खट वाजायच्या.' दुसऱ्या दिवशी माझी चप्पल ठेवायला त्यांनीच पाट काढून दिला. ओट्यापुढे जाड रबरी मॅट टाकली. कणीक आता टेबलाशी बसून तिंबते, त्याने उभं राहणं दीड तासाने कमी झालं. जानेवारीपासून टॉवेलवाला व्यायाम, आधी दोन्ही पायांवर, आता एका.

आणि परवाची गोष्ट. पहाटे दूधवाल्याने बेल वाजवली. मी उठले, दार उघडलं, पातेलं घेऊन आत आले, दूध गॅसवर ठेवलं. साय धरायला लागली तेव्हा लक्षात आलं, आज बोटं ओढलीच नव्हती. भिंतही धरली नव्हती.

अजून खूप उभी राहिले तर रात्री ठणकते, म्हणून व्यायाम सोडलेला नाही. डाळ मात्र रोज चाखतेय.

---

लालपरीवाला | २२ मार्च, रात्री ९:३०

लय आनंद झाला ताई. हा धागा डेपोतल्या पोट्ट्यांना वाचून दाखवून राहिलो.

---

मनीषनगरची_मी | २३ मार्च, सकाळी ७:२०

ताई, माझं निम्मं कमी झालंय. चप्पल कोणती घेतलीत ते सांगाल? मी घेतलेली फारच मऊ आहे, पाय आत रुततो.

---

डबा_त्रिमूर्तीनगर | २३ मार्च, दुपारी १२:१०

एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची घ्या, सीताबर्डीच्या बाजारात मिळते. अंगठ्याने दाबली तर थोडी दबली पाहिजे आणि लगेच वर आली पाहिजे. टाचेकडे जरा उंच, कमानीखाली आधार असलेली. संध्याकाळी जा घ्यायला, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो, माप बरोबर मिळतं. आणि दोन जोड घ्या, एक धुतलेला वाळेपर्यंत दुसरा लागतो.